लहान पेटी, मोठी भूक

घरांत संगीत ऐकण्याचें साधन आणावयाचें म्हटलें म्हणजे बहुतेक कुटुंबांत चर्चा होते ती स्पीकरांची. ते डोळ्यांना दिसतात, दिवाणखान्यांत जागा अडवितात, आल्यागेल्या पाहुण्यांच्या नजरेंत भरतात. त्यांना चालविणारा अॅम्प्लिफायर मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यांत रद्दीशेजारीं पडलेला असतो, आणि तो बिघडेपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाहीं. लग्नांत नवरदेवाकडे सर्वांचें लक्ष आणि आचाऱ्याकडे कोणाचेंच नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. जेवण फसलें म्हणजे मग आचारी कोण होता याची चौकशी सुरू होते.

आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत ही चौकशी दोन-अडीच महिने चालली होती. आम्ही संस्कृताचे मास्तर. यंत्रविद्येशीं आमचा संबंध शाळेच्या घंटेपलीकडे कधीं आला नाहीं. तथापि मॅट्रिकला लघुगणकाचें कोष्टक घोटलेलें होतें, तें या कामीं अनपेक्षितपणें उपयोगी पडलें. लहान स्पीकर आतां घरोघर आले आहेत. जागा थोडी, माणसें पुष्कळ, अशी ज्यांची स्थिति आहे त्यांना ते सोयीचेही आहेत. अशा वाचकांस आमच्या या खटाटोपाचा उपयोग होईल असें वाटल्यावरून तो येथें लिहीत आहों.

आमचें घर चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधि-मंदिरापासून पायीं जाण्याजोग्या अंतरावर. घरांत आम्ही दोघें, थोरल्या वहिनी, त्यांचा मुलगा म्हणजे आमचा पुतण्या, सूनबाई, आणि त्यांचीं दोन मुलें. पुतण्या चाकणला मोटारींच्या कारखान्यांत आहे. सकाळीं सहाला कंपनीची बस धरतो. कै. थोरल्या बंधूंनीं १९८३ सालीं घेतलेले दोन स्पीकर दिवाणखान्यांत होते. कपाटाएवढे, कमरेइतके उंच. नातीला बारावीच्या अभ्यासासाठीं मेज हवें झालें, मेजाला भिंत हवी झाली, आणि त्या दोन कपाटांना घर सोडावें लागलें. त्यांच्या जागीं पुतण्यानें एक फूट उंच व वीतभर रुंद अशा दोन सुबक लाकडी पेट्या आणल्या. त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. नांवाप्रमाणें त्यांनीं प्रथम आमच्या पुस्तकांच्या फळीवरच आक्रमण केलें. वामन शिवराम आपट्यांच्या कोशास आठ दिवस पलंगाखालीं काढावे लागले.

अॅम्प्लिफायर मात्र जुनाच राहिला. तो दर बाजूस २० वॉटांचा. चाळीस वर्षें त्यानें बिनतक्रार काम केलेलें, मध्यंतरीं एकदां दुरुस्त झालेला. तो बदलावा असें कोणाच्या मनांतही येण्याचें कारण नव्हतें.

पहिला आठवडा सर्व खूष होते. मग वहिनी उठून जाऊं लागल्या. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें. संध्याकाळीं देवापुढें दिवा लागला कीं त्या आरामखुर्चींत येऊन बसत आणि ‘आज कोण?’ असें पुतण्याला विचारीत. कधीं हिराबाई बडोदेकर, कधीं भीमसेन जोशी, कधीं किशोरी आमोणकर. नऊपर्यंत बैठक चाले. आतां विलंबित संपून द्रुत सुरू झालें कीं त्या ‘माळ ओढायची राहिली आहे’ म्हणून आंत जात. आमच्या कुटुंबाच्या लक्षांत आलें कीं वहिनींची माळ सकाळींच झालेली असते. तिनें दोन दिवस खनपटीला बसून विचारलें तेव्हां त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “भाऊजी, गाणें कळतें हो. पण तान वर गेली कीं आवाज फाटतो. तबल्यावर कोणी पत्रा आपटतें आहे असें वाटतें. तुम्हां सर्वांना गोड लागतें आहे, मी कशाला बोलूं?”

येथें थोडें मागचें सांगणें अवश्य आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालीं सुरू झाला, आणि पुढें कित्येक वर्षें तो रात्र-रात्र चाले. बंधु व वहिनी डिसेंबरांतल्या थंडींत रमणबागेच्या पटांगणावर शाली पांघरून बसत, आणि उजाडतां उजाडतां लोकलनें चिंचवडास परतत. वहिनी घरीं येऊन अंघोळ करून लगेच स्वयंपाकाला लागत. परंतु त्या दिवशीं पोळ्या लाटतांना त्या काय गुणगुणत आहेत तें ऐकून रात्रीं कोण रंगलें होतें हें आम्हांस कळे. आतां डोळ्यांनीं वाचन सोडविलें आहे, गुडघ्यांनीं देवळाची पायरी सोडविली आहे. संध्याकाळचे ते दोन तास तेवढे उरले होते, आणि तेच जाऊं लागले होते. पुतण्याच्या मनाला ही गोष्ट फार लागली. स्पीकर त्यानें आपल्या हौसेनें आणलेले.

प्रथम कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलों. त्यांनीं सांगितलें तें मननीय आहे. उतारवयांत कान मंदावतो याचा अर्थ सर्वच आवाज सारख्या प्रमाणांत कमी होतात असा नव्हे. हळू आवाज ऐकूं येईनासा होतो, परंतु मोठा आवाज मात्र पूर्वींइतकाच, कधीं कधीं पूर्वींपेक्षांही अधिक टोंचतो. मधला पट्टा अरुंद होतो. म्हणून अशा माणसासाठीं आवाज थोडा वाढवावा लागतो, आणि वाढविलेला आवाज स्वच्छ नसेल तर त्याचा त्रास तरुण कानापेक्षां त्याला आधीं होतो. अर्थात् वहिनींचा कान अधू होता तरी त्यांची तक्रार खरी होती. आम्ही सर्व चांगल्या कानांचे जें ऐकत नव्हतों तें त्यांना ऐकूं येत होतें.

मग पुतण्यानें स्पीकरांसोबत आलेला कागद काढला. त्यांत सेन्सिटिव्हिटी या नांवाखालीं ८३ डेसिबल असा आंकडा होता. या आंकड्याचा अर्थ असा कीं स्पीकरास एक वॉट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर तो ८३ डेसिबल इतका आवाज देतो. बंधूंच्या कपाटांचा हाच आंकडा ९३ होता. ८३ आणि ९३ यांत फरक तो काय, असें प्रथम वाटतें. परीक्षेंत दोघेही पहिल्या वर्गांत आले असते. परंतु डेसिबल हें माप लघुगणकाच्या जातीचें आहे. तीन डेसिबल वाढवावयाचे तर शक्ति दुप्पट लागते, दहा वाढवावयाचे तर दसपट. म्हणजे जुनीं कपाटें २० वॉटांत जेवढा आवाज देत, तेवढ्यासाठीं या वीतभर पेट्यांना २०० वॉट पाहिजेत. पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लहान पेटीला कमी खाणें लागावें ही सर्वांची समजूत. येथें उलटेंच निघालें.

हें उलटें कां असावें, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसूं देईना. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत देवगिरीस यादवांच्या आश्रयाला असतां संगीतरत्नाकर रचिला; त्यांत मंद्र सप्तकाचें स्थान हृदय, मध्याचें कंठ आणि ताराचें मूर्धा असें सांगितलें आहे. मंद्राला छाती लागते हें गाणारे सर्व जाणतात, आणि यंत्रालाही ती लागतेच. स्पीकरचा पडदा हवा ढकलतो; स्वर एक सप्तक खालीं उतरला कीं तितक्याच मोठ्या आवाजासाठीं त्याच पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. तंबोऱ्याचा भोपळा मिरजेचे कारागीर एवढा मोठा निवडून घेतात तो शोभेसाठीं नव्हे. आतां पेटी वीतभरच ठेवावयाची आणि तरी तिच्यांतून खर्ज निघावयाचा, तर आंतला पडदा जड करावा लागतो, म्हणजे तो सावकाश डोलतो. आणि जड पडदा हलविण्यास अधिक शक्ति लागते. अमेरिकेंत एडगर व्हिल्चर व हेन्री क्लॉस यांनीं १९५४ सालीं केंब्रिज या गांवीं कारखाना काढून बंद पेटींतल्या हवेचीच स्प्रिंग करण्याची युक्ति बाजारांत आणली. लहान पेटींतून खोल स्वर निघाला खरा, पण त्याची किंमत वॉटांत मोजावी लागली. क्लॉस यांच्याबरोबर पुढें १९५७ सालीं दुसरा कारखाना काढणारे जोसेफ अँटन हॉफमन हे प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. त्यांच्या नांवानें एक नियम सांगितला जातो: लहान पेटी, खोल स्वर आणि थोड्या शक्तींत मोठा आवाज, या तिहींपैकीं कोणतेही दोन घ्या, तिसरें मिळणार नाहीं. पुढें इंग्लंडांत बी.बी.सी.नें १९७० नंतरच्या दशकांत आपल्या फिरत्या गाड्यांसाठीं एल.एस. ३/५ ए नांवाचा चिमुकला स्पीकर तयार केला. माणसाच्या आवाजाचा खरेपणा त्यांत असा उतरला कीं अजून लोक त्याच्या नकला करितात. त्याची सेन्सिटिव्हिटीही ८३ च्या आसपासच. म्हणजे आमच्या पेट्यांचें कुळ चांगलें होतें, भूक घराण्यांतच होती.

आतां हिशेब. वहिनींची खुर्ची स्पीकरांपासून तीन-साडेतीन मीटरांवर. अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्या मैदानांत आवाज ६ डेसिबलांनीं घटतो. खोलींत भिंती थोडा परत देतात म्हणून त्याहून कांहीं कमी. स्पीकर दोन असल्यामुळें थोडें पदरांत पडतें. देणें-घेणें करून एक-एक वॉटांत खुर्चीपाशीं सुमारें ८० डेसिबल पोंचतात असें धरण्यास हरकत नाहीं. वहिनींना जी पातळी सुखाची वाटते ती साधारण एवढीच. मग एक वॉट पुरे झाला म्हणावयाचें! पण गाणें हें सपाट रस्त्यासारखें नसतें. तबल्याची थाप, तानेचा शेंडा, समेवरचा आघात हे सरासरीच्या वर १५ पासून २० डेसिबलपर्यंत उडी घेतात. पंधरा डेसिबल म्हणजे बत्तीसपट, वीस म्हणजे शंभरपट. सरासरीला एक वॉट खाणारें गाणें क्षणभर शंभर वॉट मागतें, आणि आमच्या जुन्या यंत्राजवळ वीस होते. जें नाहीं तें तो देणार कोठून? तो लाटेचा शेंडा सपाट छाटून टाकतो. यालाच दुकानदार क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या शेंड्याच्या कडांतून मुळांत नसलेले तीक्ष्ण स्वर जन्मास येतात, आणि वहिनींना पत्रा आपटल्यासारखा जो आवाज येई तो हाच. असें फार काळ चाललें तर उंच स्वर देणारा लहान पडदा, ज्यास ट्वीटर म्हणतात, तो तापून जळण्याचाही संभव असतो. अॅम्प्लिफायर फार मोठा घेतला तर स्पीकर फाटेल ही भीति सर्वत्र आहे. मर्यादेपलीकडे दामटलेला लहान अॅम्प्लिफायरही स्पीकर खाऊं शकतो, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

एक गंमत सांगावीशी वाटते. अब्दुल करीम खांसाहेबांच्या जुन्या तबकड्यांचें ध्वनिमुद्रण लावलें तर हेंच यंत्र निर्वेध चाले. त्या काळच्या मुद्रणांत उंच-सखल फारसें मावतच नव्हतें. म्हणून वहिनी १९३५ च्या सुमाराचें गाणें पूर्ण ऐकत आणि अलीकडच्या मैफलींतून उठून जात. नातू म्हणे आजीला नवें आवडत नाहीं!

पैसे खर्चण्यापूर्वीं एक फुकटचा उपाय करून पाहिला, आणि वाचकांनींही तो आधीं करावा असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. खुर्ची पुढें ओढली. साडेतीन मीटरांचें अंतर दोनवर आणलें. एवढ्यानेंच खोलींतलें नुकसान धरूनही तीन-चार डेसिबलांची बचत झाली, म्हणजे २० वॉटांचा अॅम्प्लिफायर जणूं ४० चा झाला. स्पीकर फळीवरून काढून, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीच्या तिवयांवर, भिंतीपासून हात-दीड हात पुढें ठेविले. फळीच्या कोनाड्यांत खर्ज गुरगुरत होता तो थांबला, आणि आपट्यांचा कोश स्वस्थानीं आला. वहिनी त्या दिवशीं द्रुतापर्यंत बसल्या. पण किशोरीताईंची तान तारांत गेली आणि त्यांनीं डोळे मिटून मान वळविली. पुतण्या म्हणाला, “काका, आतां अॅम्प्लिफायर बघूं या.”

पिंपरीहून मेट्रोनें मंडईस उतरून आम्ही दोघे तपकीर गल्लींत गेलों. ही गल्ली म्हणजे विजेच्या वस्तूंचा समुद्र. एका दुकानांत तळहाताएवढी चकचकीत डबी दाखविली. तिच्यावर दर बाजूस ३०० वॉट असें लिहिलेलें. तिला वीज पुरविणाऱ्या अडॅप्टरवर मात्र ३२ व्होल्ट, ५ अँपिअर असा मजकूर होता. बत्तीस पंचे एकशें साठ. आंत १६० वॉट जातात आणि बाहेर ६०० निघतात, म्हणजे वनवासांतली द्रौपदीची थाळीच म्हणावयाची! क्षणभर साठ्यांतून अधिक काढलें तरी ३२ व्होल्टांची कमाल मर्यादा कांहीं ओलांडतां येत नाहीं; ८ ओहमच्या स्पीकरांत त्यांतून दर बाजूस ६४ वॉटांहून अधिक जाणें शक्य नाहीं. हें विचारल्यावर दुकानांतला मुलगा हंसला आणि म्हणाला, “सर, लोक डबीवरचें वाचतात.” १९९० नंतर घरोघर आलेल्या टेप-रेकॉर्डरांवर पी.एम.पी.ओ. म्हणून हजार-हजार वॉट लिहिलेले असत, ते वाचकांस स्मरत असतील. तें यंत्राला निमिषमात्र पिळून काढलेलें काल्पनिक माप. अमेरिकेच्या सरकारी व्यापार-आयोगानें १९७४ सालीं घरगुती अॅम्प्लिफायरची शक्ति कशी मोजून सांगावी याचा नियमच केला, यावरून ही लबाडी किती जुनी आहे तें दिसतें. घेणाऱ्यानें तीन गोष्टी विचाराव्या: हे वॉट अखंड देतां येतात काय, दोन्ही बाजू एकदम चालत असतां काय, आणि किती ओहमच्या स्पीकरांत. सिनेमासाठीं सात-सात स्पीकरांचे जे रिसीव्हर मिळतात त्यांचे आंकडे बहुधा एकदोन बाजू चालवूनच घेतलेले असतात, सातही चालविले म्हणजे फुगा बसतो.

ओहमची गोष्ट थोडक्यांत सांगतों. आमच्या स्पीकरांवर ६ ओहम लिहिलें आहे, परंतु तें सरासरीचें. कांहीं स्वरांवर तें ४ पर्यंत उतरतें. ओहम अर्धे झाले कीं विजेचा प्रवाह दुप्पट मागितला जातो. जो अॅम्प्लिफायर ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १७०-१८० वॉट देतो त्याच्या अंगांत रग आहे. जो दोन्हींकडे १०० च म्हणतो, किंवा ४ चें नांव काढूं देत नाहीं, त्याला जड ओझ्यापाशीं धाप लागते.

ही रग कोठून येते तें आम्हांस भोसरींत समजलें. तेथील औद्योगिक वसाहतींत ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे एक वयस्क कारागीर पुतण्याच्या ओळखीचे आहेत. पत्र्याची शेड, एका बाजूला तांब्याच्या तारेचीं रिळें, दुसरीकडे वॉर्निशाचा वास. त्यांनीं कडबोळ्यासारखा वाटोळा ट्रान्सफॉर्मर आमच्या हातांत दिला. हात खालींच गेला. “गुरुजी, जाहिरात वाचूं नका, वजन करा,” ते म्हणाले. जुन्या पद्धतीच्या अॅम्प्लिफायरांत तांबें आणि लोखंड यांना पर्याय नाहीं. शंभर वॉटांचा म्हणून तीन किलोची पेटी कोणी दाखवूं लागला तर ती नव्या जातीची तरी असावी किंवा खोटी तरी. ट्रान्सफॉर्मरच्या शेजारीं दोन मोठे कपॅसिटर उभे असतात, त्यांचें काम त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें: “ही गच्चीवरची टाकी.” आमच्या शहरांत २०१९ च्या अखेरीस एक दिवसाआड पाणी सुरू झालें तेव्हां टाकीचें मोल घराघरांस कळलें होतें, त्यामुळें अधिक स्पष्टीकरणाची जरूरी पडली नाहीं. नळ बारीक असला तरी टाकी भरलेली असेल तर सकाळच्या घाईंत दोन नळ एकदम सोडतां येतात. तबल्याची थाप म्हणजे अशीच सकाळची घाई.

ज्यास क्लास डी म्हणतात तो नवा प्रकारही त्यांनीं वाखाणला. त्यांत वीज फार वेगानें चालू-बंद करून काम करितात. उष्णता थोडी, वजन थोडें, आणि चांगल्या कारखान्याचा असेल तर आवाजांत उणें काढण्यास जागा नाहीं. बंद खोलींत, उन्हाळ्यांत, किंवा सदनिकेच्या तिसऱ्या मजल्यावर ज्यांना तें धूड चढवावयाचें नाहीं त्यांनीं तोच घ्यावा. आम्ही जड जातीचा पसंत केला याचें कारण अगदीं स्थानिक आहे. तो बिघडला तर भोसरींत दुरुस्त होतो. क्लास डी मध्यें बहुधा आंतली पाटीच बदलावी लागते, आणि दहा वर्षांनीं ती पाटी मिळेल याची हमी कोणी देत नाहीं. जुना अॅम्प्लिफायर चाळीस वर्षें चालला तो याच गुणावर.

एवढें ठरल्यावर घरांतली खरी परीक्षा उरली. आमच्या कुटुंबानें विचारलें, “संध्याकाळचें गाणें ऐकायला शंभर वॉट? गणपतीचा मंडप घालायचा आहे का?” प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर असें कीं शंभर वॉट रोज जळावयाचे नसतात; सरासरी एखादा वॉटच लागतो, बाकीचे निमिषापुरते. यंत्र नुसतें चालू असतां सुमारें ४० वॉट घेतें. रोज तीन तास धरले तर महिन्याचीं ३.६ युनिटें. दोन हजार वॉटांचा गीझर पावणेदोन तास चालला कीं तेवढीं होतात. यावर तिनें आंघोळीला वेळ लावणाऱ्या नातवाकडे पाहिलें आणि तिचा आक्षेप मिटला. शेजाऱ्यांची काळजी वहिनींना होती. तीही वावगी नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं दहानंतर ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. परंतु शक्ति पदरीं असणें म्हणजे ओरडणें नव्हे. उलट आवाज फाटेनासा झाला कीं तो वाढविण्याची गरजच कमी पडते.

आमच्या या पट्ट्याचा एक विशेष येथें नमूद करावासा वाटतो. पिंपरी-चिंचवडचे बहुतेक कारखाने गुरुवारीं बंद असतात. त्या दिवशीं हमरस्त्यावरून कामगारांच्या बसगाड्यांची रीघ नसते, दूरचा यंत्रांचा गुणगुणाट नसतो, आणि तंबोऱ्याची जवारी इतर दिवशीं जी दबून जाते ती बटण बरेंच खालीं असूनही ऐकूं येते. घर घेतांना लोक हवा-पाणी पाहतात. गाणें ऐकणाऱ्यानें पार्श्वभूमीची ही शांतताही पाहावी, कारण ती नसेल तर तिची भरपाई वॉटांनीं करावी लागते.

अखेर निगडीच्या एका गृहस्थांकडचा, थोडा वापरलेला पण नीट राखलेला पॉवर अॅम्प्लिफायर ३८ हजारांस ठरला. नवा याच्या दुप्पट पडला असता. दर बाजूस ८ ओहमला १०० वॉट, वजन १४ किलो. अर्धे पैसे पुतण्यानें व अर्धे आम्हीं दिले. वहिनी आपल्या पाटल्यांविषयीं कांहींतरी बोलूं लागल्या तेव्हां सूनबाईंनीं त्यांना बोलूं दिलें नाहीं. पॉवर अॅम्प्लिफायरला आवाज कमीजास्त करण्याचें बटण नसतें. तें काम अलीकडे त्याच्याआधीं जोडलेली गाणें वाजविणारी पेटीच करिते. येथें एक गोष्ट पाहून घ्यावी. पुढच्या पेटीकडून २ व्होल्ट येतात आणि मागच्याला पूर्ण शक्तीसाठीं १.२ च पुरतात, असा आमच्याकडे मेळ होता. म्हणून बटण अर्ध्याच्या आंतच राहतें. याच्या उलट, पुढची पेटी दुबळी असेल तर शंभर वॉट विकत घेऊनही ते बाहेर काढतां येत नाहींत. तारेचें म्हणाल तर घराच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडतार आम्हीं वापरली. हजारों रुपयांच्या तारा विकणाऱ्यांनीं रागावूं नये. चार मीटरांत तिचें नडत नाहीं. पहिल्या दिवशीं बारीक घूं असा नाद येत होता, तो टी.व्ही.ची केबल त्या पेटीपासून सोडविल्याबरोबर थांबला.

रविवारीं संध्याकाळीं पुतण्यानें भीमसेनांचा पूरिया लावला. वहिनी नेहमींच्या खुर्चींत, पुढें ओढलेल्या. विलंबितांत त्या कांहीं बोलल्या नाहींत. द्रुत सुरू झालें तेव्हां सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांत पोळपाट हातांत घेऊन उभी राहिली. नातवानें कानांतलीं बोंडें काढलीं. ती गडगडाटासारखी तान आली, वर गेली, समेवर उतरली. वहिनींचा हात खुर्चीच्या दांडीवर समेला पडला. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “भाऊजी, जरा कमी करायला सांगा. एवढें कशाला? सगळें ऐकूं येतें आहे. मागचा तंबोरासुद्धां.”

पुतण्यानें बटण खालीं केलें आणि त्या नऊपर्यंत बसल्या. उठतां उठतां त्यांनीं माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्याची आठवण काढली. बंधूंनीं घरगुती बैठकींत भरून घेतलेल्या चौदा कॅसेटी त्यांत आहेत. कॅसेट वाजविण्याचें यंत्र आहे, पण त्याचा रबरी पट्टा वितळून गेला आहे. तो भोसरींत मिळेल असें कारागिरांनीं फोनवर सांगितलें आहे. गुरुवारीं वसाहत बंद, म्हणून शुक्रवारीं जाणार आहों.